अमेरिकन कॉलेज फुटबॉल : टाइट एंड नेमके काय काम करतो?

कर्वेनगरकर

नमस्कार. माझा भाचा गेल्या वर्षापासून आयोवा विद्यापीठात शिकत आहे आणि त्याच्या आग्रहामुळे मी तिथल्या कॉलेज फुटबॉलचे सामने पाहू लागलो आहे. तिथे शनिवारी सकाळी अकराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो (नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेदहाला), त्यामुळे जेवण आटोपून निवांत बसता येते. खेळाचे ढोबळ नियम आता समजले आहेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा किंवा रनिंग बॅकच्या हाती द्यायचा, एवढे कळते. टाइट एंड या खेळाडूचे मात्र मला कोडे पडले आहे.

भाचा अभिमानाने सांगतो की आयोवा ही टाइट एंडांची खाण आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, तिथला टी. जे. हॉकेन्सन आठव्या आणि नोआ फँट विसाव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड पहिल्या फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. हे ऐकून मी परवाच्या सामन्याचा पूर्वार्ध केवळ टाइट एंडवर नजर ठेवून पाहिला. तो बहुतेक वेळ समोरच्या धिप्पाड गड्याशी झोंबत होता आणि चेंडू त्याच्याकडे जेमतेम तीनदा आला. त्याचे काम अडवण्याचेच असेल, तर त्याच्या जागी आणखी एक वजनदार लाइनमन (समोरच्याला अडवणारा गडी) का उभा करीत नाहीत? आणि झेल घेण्याचे असेल, तर चपळ रिसीव्हर काय वाईट? दोन्ही कामे अर्धवट करणाऱ्या माणसाचे एवढे कौतुक कशासाठी?

दुसरी शंका नियमाची आहे. दुसऱ्या एका सामन्यात टाइट एंडने मोकळ्या जागेत व्यवस्थित झेल घेतला, तरी पंचांनी पिवळे निशाण टाकून तो प्ले, म्हणजे तो प्रयत्न, रद्द केला. समालोचक म्हणाले की तो ‘झाकला गेला’ होता. त्याच्या आसपास तर कोणीही नव्हते! जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बाणेरचा प्रवासी

शिक्षणाच्या निमित्ताने मी काही वर्षे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात होतो आणि विद्यार्थ्यांच्या गॅलरीत बसून, थंडीने कुडकुडत, हा खेळ शिकलो. आपला पहिला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही प्रश्नातच दडलेले आहे. टाइट एंड ही दोन्ही कामे करतो, म्हणून या प्लेमध्ये तो कोणते करणार हे समोरच्याला आधी कळत नाही. सहावा लाइनमन उभा केला की मैदानातील प्रत्येकाला कळते की चेंडू बहुधा पळवला जाणार. चौथा रिसीव्हर उभा केला की बचाव करणारा संघ एक लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागचा दणकट खेळाडू) काढून त्याच्या जागी हलका, वेगवान खेळाडू आणतो आणि झेलांची वाट बंद करतो. टाइट एंड मैदानात असताना मात्र बचावाला जड माणूस ठेवावा की हलका, हे ठरवता येत नाही.

त्याला क्रिकेटमधील अष्टपैलू खेळाडू म्हणण्याचा मोह होतो, पण ती उपमा मला पटत नाही. अष्टपैलू खेळाडू सकाळी फलंदाजी करतो आणि दुपारी गोलंदाजी करतो. दोन्ही कामांच्या वेळा वेगळ्या असतात आणि त्या सर्वांना ठाऊक असतात. टाइट एंडची तुलना करायचीच तर ती गुगली टाकणाऱ्याशी करावी लागेल, कारण हाताची हालचाल तीच असते आणि चेंडू मात्र उलटा वळतो.

हे एका प्लेवरून नीट समजेल. ‘स्प्लिट झोन’ नावाची धाव घ्या. पाचही लाइनमन एकाच वेळी, समजा, उजवीकडे सरकतात आणि रनिंग बॅकही त्याच दिशेने निघतो. डाव्या टोकाच्या बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. मग उजव्या बाजूला उभा असलेला टाइट एंड सर्वांच्या उलट दिशेने, आपल्याच लाइनच्या मागून धावत डावीकडे जातो आणि त्या मोकळ्या बचावपटूवर आदळतो. त्या धडकेमुळे मध्ये जी फट पडते, तिच्यातून रनिंग बॅक मागे वळून निसटू शकतो. ही धाव तीन-चार वेळा झाली की तो बिचारा बचावपटू टाइट एंड येताना दिसताच खांदा टेकवून धडकेला सज्ज होतो. पाचव्या वेळी सगळे तसेच घडते. लाइन उजवीकडे सरकते, रनिंग बॅक तसाच निघतो आणि टाइट एंडची पहिली चार पावले हुबेहूब तशीच पडतात. फक्त तो या वेळी धडकत नाही. त्या बचावपटूच्या अंगावरून सरकून तो डाव्या कडेच्या मोकळ्या जागेत जातो. क्वार्टरबॅकने चेंडू सोपवण्याचे केवळ सोंग केलेले असते. तोही वळून डावीकडे येतो आणि टाइट एंडकडे चेंडू अलगद फेकतो. या एका झेलाचे भांडवल आधीच्या चार धडकांनी उभे केलेले असते, आणि आकडेवारीत त्या चार धडकांची नोंद कुठेही होत नाही.

म्हणूनच टाइट एंडला झेलांच्या संख्येवरून जोखणे फसवे ठरते. आयोवाचाच जॉर्ज किटल घ्या. संपूर्ण कॉलेज कारकिर्दीत त्याच्या नावावर अवघे ४८ झेल होते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर गेला, आणि पुढच्याच वर्षी, २०१८ च्या हंगामात, त्याने झेलांवर १,३७७ यार्ड मिळवले. टाइट एंडसाठी तो त्या वेळचा एनएफएलमधील विक्रम होता. कॉलेजात चार वर्षे तो जे करीत होता, ते मोजण्याचे माप कोणाच्याही तक्त्यात नव्हते.

दुसरी गोष्ट फटींच्या हिशेबाची आहे. पाच लाइनमनांच्या शेजारी, टॅकलला (लाइनच्या टोकाच्या लाइनमनला) लागून टाइट एंड उभा राहिला की त्या बाजूला आणखी एक फट तयार होते, आणि प्रत्येक फटीवर बचावाला एक माणूस नेमावा लागतो. तो माणूस कुठून तरी काढावा लागतो. बहुधा मागे उभा असलेला सेफ्टी पुढे येतो आणि मागची जागा उघडी पडते. प्ले सुरू होण्यापूर्वीच, काहीही न करता, नुसत्या उभे राहण्याने टाइट एंडने हे घडवलेले असते. दोन टाइट एंड दोन बाजूंना उभे केले की हा पेच दुप्पट होतो.

त्यांच्या बोलण्यात ‘अकरा’, ‘बारा’, ‘तेरा’ असे आकडे येतात, तेही सांगून ठेवतो. पहिला अंक रनिंग बॅकची संख्या सांगतो आणि दुसरा टाइट एंडची, उरलेले रिसीव्हर. ‘बारा’ म्हणजे एक रनिंग बॅक, दोन टाइट एंड आणि दोन रिसीव्हर. कर्क फेरेन्ट्झ १९९९ मध्ये आयोवाचे प्रमुख प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या आक्रमणात ‘बारा’ हा आकडा वारंवार ऐकू येतो.

पुढच्या वेळी स्नॅपनंतरचे (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होतो त्या क्षणानंतरचे) पहिले दोन सेकंद चेंडूकडे मुळीच पाहू नका. फक्त टाइट एंडचे पहिले पाऊल पाहा.

सहकारनगरची स्नेहल

कर्वेनगरकर काका, तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. मी पुण्यात रविवारी सकाळी फ्लॅग फुटबॉल खेळते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झालेला हा पाच-पाच जणांचा प्रकार आहे. त्यात अंगाने अडवण्याला बंदी असल्यामुळे टाइट एंड ही जागाच उरत नाही. त्यामुळे मलाही हा नियम उशिरा कळला, आणि कळला तो एका वादात हरल्यावर!

अकरा जणांच्या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाचे साधारणपणे सात खेळाडू स्क्रिमेज लाइनवर (चेंडू ठेवलेल्या रेषेवर) आणि चार मागे असतात. कॉलेजच्या नियमांनुसार चारांहून अधिक खेळाडू मागे उभे राहू शकत नाहीत. मागचे चार जण पास झेलू शकतात. लाइनवरील खेळाडूंपैकी फक्त दोन्ही टोकांचे दोघे झेलू शकतात. मधल्या पाच जणांना तो हक्क नाही. टाइट एंडच्या नावातील ‘एंड’ हा शब्द या टोकाचाच आहे. आता समजा टाइट एंड टॅकलला चिकटून लाइनवर उभा आहे, आणि त्याच बाजूला दूरवर उभा असलेला रिसीव्हर चुकून एक पाऊल पुढे येऊन लाइनवरच उभा राहिला. मग टोकाचा माणूस तो रिसीव्हर झाला आणि टाइट एंड मधल्यांपैकी एक ठरला. यालाच ते झाकले जाणे म्हणतात. त्याच्या अंगावरील, झेलणाऱ्यांसाठीची ८० किंवा ८७ क्रमांकाची जर्सी त्याला वाचवू शकत नाही. चूक असते पंधरा-वीस यार्डांवर उभ्या असलेल्या रिसीव्हरची आणि झेल रद्द होतो टाइट एंडचा. सामना पाहताना रिसीव्हर हात लांब करून कडेच्या पंचांकडे बघतो, ते याचसाठी. आपण लाइनवर आहोत की मागे, याची तो खात्री करून घेत असतो.

याच्याशी जोडलेला आणखी एक नियम आहे, आणि कॉलेजच्या खेळाचे वेगळेपण त्यात आहे. झेलण्याचा हक्क नसलेला खेळाडू पास सुटेपर्यंत कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतो; एनएफएलमध्ये ही मुभा एकाच यार्डाची आहे. दोन यार्डांचा फरक किरकोळ वाटेल, पण त्यामुळे कॉलेजातील लाइनमन धाव असल्यासारखे जोरात पुढे घुसू शकतात आणि क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी चेंडू सोपवायचा की फेकायचा हे ठरवू शकतो. लाइनबॅकर लाइनमनांना पाहून पुढे धावला की त्याच्या पाठीमागे, मैदानाच्या मधोमध, टाइट एंड एकटा उभा सापडतो.

कर्वेनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. झाकले जाण्याचा उलगडा झाल्यावर मी तो प्ले पुन्हा लावून पाहिला. रिसीव्हरचा पुढचा पाय खरोखरच लाइनवर होता आणि त्याने पंचांकडे पाहिलेही नव्हते. आता वाटते की समालोचकांनी आणखी एक वाक्य बोलायला हरकत नव्हती.

एक उपप्रश्न आहे. टाइट एंड कधी टॅकलला चिकटून, कधी त्याच्या एक पाऊल मागे, तर कधी चक्क रिसीव्हरांसारखा दूर उभा राहतो. ही जागा प्रशिक्षक ठरवतात, की तो स्वतः?

डेक्कनचा दुमत

जागा प्रशिक्षकच ठरवतात. तिच्यावरून पुष्कळ काही ओळखताही येते, पण त्याआधी बाणेरच्या प्रवाशांशी थोडे भांडतो. त्यांच्या प्रतिसादात धडकेचे जरा जास्तच गुणगान झाले आहे. ज्या टाइट एंडची खोलवर धावण्याची धास्ती नाही, त्याच्यासाठी बचाव करणारा संघ सेफ्टीला जागचा हलवतच नाही. असा टाइट एंड म्हणजे अंगावर वेगळ्या क्रमांकाची जर्सी घातलेला सहावा लाइनमन. गुगलीची उपमा सुरेख आहे, परंतु चेंडू खरोखर वळत असेल तरच फलंदाज फसतो.

आयोवाचेच उदाहरण घेऊ. सॅम लापोर्टा २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे तिथे संघात सर्वाधिक झेल घेणारा खेळाडू होता आणि पुढे त्याची निवड दुसऱ्या फेरीत झाली. तरीही २०२२ मध्ये आयोवाचे आक्रमण देशातील तळाच्या संघांत गणले जात होते. कारण उघड आहे. बाहेरच्या बाजूला धास्ती वाटावी असा रिसीव्हर नसला आणि क्वार्टरबॅकचे फेकणे डळमळीत असले, की बचावाचे दोन-दोन खेळाडू टाइट एंडवरच लक्ष ठेवतात. उत्तम टाइट एंड असणे म्हणजे उत्तम आक्रमण असणे नव्हे.

याउलट, टाइट एंडला आक्रमणाचा मध्य मानून काय करता येते, हे २०२४ च्या हंगामात दोन ठिकाणी दिसले. बोलिंग ग्रीन या तुलनेने छोट्या संघाच्या हॅरोल्ड फॅनिन ज्युनियरने एका हंगामात ११७ झेल आणि १,५५५ यार्ड असे टाइट एंडचे विक्रम केले. पेन स्टेटच्या टायलर वॉरनने १०४ झेल घेतले आणि सर्वोत्तम टाइट एंडला दिला जाणारा मॅकी पुरस्कार मिळवला. वॉरन शाळेत क्वार्टरबॅक होता, त्यामुळे प्रशिक्षकांनी त्याला कुठेही उभे करण्याचे धाडस केले. यूएससीविरुद्धच्या सामन्यात त्याने १७ झेल घेऊन २२४ यार्ड मिळवले, आणि त्यांपैकी एक टचडाउन तर असा होता की तो लाइनच्या मधल्या सेंटरच्या जागी उभा राहिला, स्वतःच चेंडू मागे दिला, मग धावत जाऊन तोच चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये झेलला. वर सहकारनगरच्या स्नेहल यांनी सांगितलेला नियमच इथे कामी आला. बाकीची लाइन एका बाजूला उभी केल्यामुळे सेंटर हाच टोकाचा खेळाडू ठरला होता आणि म्हणून झेलायला पात्र होता.

आता आपला उपप्रश्न. टॅकलला चिकटून उभा असला, तर त्याच्या बाजूने धाव होण्याचा संभव वाढतो. टॅकल आणि तो मिळून आधी एका बचावपटूला रेटतात, मग दोघांपैकी एक जण सुटून लाइनबॅकरकडे जातो. एक पाऊल मागे उभा असला, तर त्याला दोन्ही दिशांना धावत जाणे सोपे असते आणि वर वर्णन केलेली उलटी धडक बहुधा तिथूनच सुरू होते. दूर उभा असला, तर त्याच्यासमोर कोण येते ते पाहावे. लाइनबॅकर आला तर वेगाचा फायदा टाइट एंडला मिळतो, आणि छोट्या चणीचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरांना रोखणारा बचावपटू) आला तर उंचीचा. क्वार्टरबॅकला स्नॅपपूर्वीच हे उत्तर मिळते, आणि टाइट एंडला इकडून तिकडे हलवण्याचा अर्धा हेतू हाच असतो.

बाणेरचा प्रवासी

डेक्कनच्या दुमतांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, लापोर्टाबाबत तर पूर्णच. तरी माझ्या म्हणण्याचा गाभा मी सोडणार नाही, कारण मला सर्वांत प्रभावी वाटलेले कॉलेज आक्रमण दोन भिन्न प्रकृतींच्या टाइट एंडांवर उभे होते. २०२२ च्या हंगामातील जॉर्जियाचा संघ पाहा. ब्रॉक बॉवर्सने त्या वर्षी ६३ झेल घेऊन ९४२ यार्ड मिळवले. पुढे सलग दुसऱ्यांदा मॅकी पुरस्कार मिळवून, तो दोनदा जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्या जोडीला डार्नेल वॉशिंग्टन होता. उंची ६ फूट ७ इंच, वजन सुमारे १२० किलो, आणि झेल मात्र २८. हे २८ पाहून कोणी त्याला दुय्यम म्हणेल. प्रत्यक्षात वॉशिंग्टन ज्या बाजूला उभा असे, ती बाजू बचावाला जड माणसांनी भरावी लागे, आणि मग बॉवर्सला हलवून हलक्या बाजूला नेता येई. जड माणसे मैदानात ठेवली तर बॉवर्सच्या मागे लाइनबॅकर धापा टाकत धावणार, हलकी आणली तर वॉशिंग्टन त्यांना बाजूला सारणार. अंतिम सामन्यात टीसीयूविरुद्ध निकाल ६५-७ असा लागला, त्याचे सगळे श्रेय या जोडीला देता येणार नाही, पण बचावाची झालेली कोंडी त्या रात्री स्पष्ट दिसत होती.

इथे कॉलेजच्या खेळाडू बदलण्याच्या नियमाचाही हात असतो. आक्रमणाने खेळाडू बदलले, तर पंच थांबून बचावालाही बदल करण्याची संधी देतात. आक्रमणाने कोणालाच बदलले नाही, तर ती सवलत मिळत नाही. दोन टाइट एंड असे असले की जे सलग दहा प्ले मैदानात राहूनही कधी गच्च आणि कधी पसरलेली रचना करू शकतात, तर समोरचा संघ चुकीच्या माणसांसह अडकून पडतो.

आणखी एक गोष्ट एनएफएल पाहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मैदान १६० फूट रुंद असते. चेंडू ज्या दोन खुणांच्या मध्ये ठेवून खेळ सुरू होतो, त्या खुणांमधील अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आहे; कॉलेजात ते ४० फूट आहे. म्हणजे चेंडू उजव्या खुणेवर असेल तर उजवीकडे ६० फूट आणि डावीकडे तब्बल १०० फूट जागा उरते. अनेक प्रशिक्षक अशा वेळी टाइट एंडला अरुंद बाजूला उभे करतात आणि रिसीव्हर रुंद बाजूला पसरवतात. बचाव टाइट एंडकडे झुकला तर १०० फुटांचे कुरण मोकळे, आणि रिसीव्हरांकडे झुकला तर अरुंद बाजूला टाइट एंडच्या मागून धाव घ्यायला माणसे पुरून उरतात. परवाच्या सामन्यात चेंडू कडेच्या खुणेवर असताना टाइट एंड कोणत्या बाजूला होता, हे कर्वेनगरकरांनी एकदा मोजून पाहावे.

कर्वेनगरकर

मोजले. पूर्वार्धात चेंडू कडेच्या खुणेवर असताना सुरू झालेले १८ प्ले मला सापडले, आणि त्यांपैकी ११ वेळा टाइट एंड अरुंद बाजूला होता. वहीत नोंद करून ठेवली आहे. निवृत्त माणसाला वेळेचा तोटा नसतो.

काल रात्री नवा सामना पाहिला, तोही चेंडूकडे न बघता. लाइनच्या मागून उलटे धावत जाऊन टोकाच्या बचावपटूवर आदळणे तीनदा झाले. चौथ्या वेळी टाइट एंड तसाच निघाला आणि मला त्याच्या खांद्याची ठेवण किंचित निराळी वाटली. मी नकळत मोठ्याने म्हणालो, “हा आता थांबत नाही!” आणि तो खरोखरच थांबला नाही. बचावपटू धडकेसाठी वाकलेलाच राहिला, हा त्याच्या बाजूने निसटून मोकळ्यात गेला आणि दहा यार्डांत त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हते. क्वार्टरबॅकने वळून चेंडू फेकला, तो त्याच्या डोक्यावरून दोन हात उंच जाऊन थेट कडेबाहेर बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंत पडला. डेक्कनच्या दुमतांचे म्हणणे त्या क्षणी फारच पटले. घरातील मंडळी माझ्या आवाजाने जागी झाली होती, त्यांना यातले काय समजावून सांगायचे हे सुचेना, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून उरलेला सामना पाहिला.